पॉइंट टू-टूसाठी परवडणारा स्कोप: आधी पॅरलॅक्स, मग झूम

माझ्या सीझेड ४५७ या पॉइंट टू-टू (.२२ कॅलिबरच्या) रायफलीवर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसला, ५० यार्डांवर झिरो झाला (नेम आणि गोळी एकाच जागी आली) आणि नेम टप्प्याटप्प्याने सरकवणारे क्लिकही तपासून झाले. इथे टेक्सासमध्ये ओळखीच्या मराठी मंडळींपैकी काहीजण पॉइंट टू-टूकडे वळलेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो: कमी पैशांत कुठला स्कोप घ्यावा? म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहिते.

माझी गरज आधी सांगते, कारण गरज वेगळी तर उत्तरही वेगळं. बाकावर बॅग ठेवून ५० यार्डांवर कागदावर नेम, आणि अधूनमधून एनआरएल२२ (नॅशनल रायफल लीगच्या पॉइंट टू-टू स्पर्धा) पद्धतीचे सामने, ज्यात २५ ते १०० यार्डांदरम्यान छोट्या लोखंडी टार्गेटवर वेळेत मारायचं असतं. बजेट रिंगांसकट (स्कोप रायफलीवर धरणाऱ्या कड्या) पाचशे डॉलरच्या आत. उरलेले पैसे काडतुसांना ठेवायचे होते.

दुकानात गेलं की विक्रेता आधी झूम दाखवतो. चोवीस पट, बत्तीस पट. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पॅरलॅक्स, आणि पॉइंट टू-टूवर तर तोच निर्णायक ठरतो. स्कोपमध्ये टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल (नेम धरायच्या आतल्या रेघा) एकाच प्रतलात आले नाहीत, तर डोळा जरा सरकला तरी रेटिकल टार्गेटवरून सरकतं; हाच पॅरलॅक्स. मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठी बनवलेले साधे स्कोप बहुतेक १०० यार्डांवर बांधलेले (म्हणजे पॅरलॅक्स त्या अंतराला कायमचा जुळवलेले) असतात, काही १५० वर. आपण मारतो ५० वर. चूक जास्तीत जास्त किती होईल याचा हिशोब सोपा आहे: पुढच्या भिंगाच्या व्यासाचा निम्मा आकडा घ्या, त्याला अंतरातल्या फरकाने गुणा आणि स्कोप ज्या अंतरावर बांधलाय त्याने भागा. ४० मिलिमीटरचं भिंग, १०० वर बांधलेलं, ५० वर वापरलं: वीस गुणिले पन्नास भागिले शंभर, म्हणजे १० मिलिमीटर.

आता ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मधोमध जाणारी गोळी १० मिलिमीटर सरकली तर थेट नवात. रायफल चांगली, काडतूस चांगलं, ट्रिगरही नीट दाबलेला, आणि गेला गुण केवळ गाल अर्धा बोट इकडे-तिकडे टेकला म्हणून. हा आकडा डोळा अगदी कडेला गेला तरचा आहे हे खरं. पण सामन्यात पायऱ्यांच्या कठड्यावर, टायरवर, पिंपावर रायफल टेकवून मारताना डोळा मधोमध राहतो कुठे!

यावर दोन उपाय. एक, रिमफायरसाठीच (पॉइंट टू-टूसारख्या छोट्या काडतुसांसाठी) बनवलेला, ५० यार्डांवर बांधलेला स्वस्त स्कोप. व्होर्टेक्सचा क्रॉसफायर टू रिमफायर २-७ × ३२ हा त्यातला ओळखीचा. फक्त ५० वर मारणार असाल, हलका आणि साधा हवा असेल, तर हा वाईट पर्याय नाही. पण तोच हिशोब १०० यार्डांसाठी केला की १६ मिलिमीटर येतात, आणि सात पटीत १०० वरची भोकं नीट दिसत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे पॅरलॅक्स बदलता येणारा स्कोप, पुढच्या भिंगाभोवती कडं असलेला किंवा डाव्या बाजूला नॉब असलेला. इथे एकच गोष्ट बघा, नॉब किती जवळपर्यंत येतो. काही स्कोप ५० यार्डांवर थांबतात, काही २५ वर, काही १० पर्यंत येतात. पॉइंट टू-टूला २५ च्या आत येणारा हवाच.

मी घेतला अ‍ॅथलॉन आर्गोस बीटीआर जेन टू, ६-२४ × ५० (झूम सहा ते चोवीस पट, पुढचं भिंग ५० मिलिमीटर), मिलमध्ये (अंतराच्या हजाराव्या भागाच्या मापात). पॅरलॅक्स १० यार्डांपर्यंत येतो, रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये आहे (झूमबरोबर तेही लहान-मोठं होतं), झिरो स्टॉप (परत झिरोवर आल्यावर थांबवणारा अडसर) आहे. व्होर्टेक्सचा डायमंडबॅक टॅक्टिकल आणि बुशनेलचा मॅच प्रो हेही यादीत होते. तिघांपैकी कुठलाही घेतला असता तरी मी समाधानी असते असं हातात घेऊन बघितल्यावर वाटलं. आर्गोस घेतला तो टरेटच्या (नेम सरकवायच्या चकतीच्या) क्लिकसाठी. बोटाला प्रत्येक क्लिक वेगळा लागतो. वजन मात्र चांगलंच आहे. उभ्याने मारणाऱ्यांनी हा विचार करावा.

पॉइंट टू-टूला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे महागड्या स्कोपमध्ये ज्या मजबुतीचे पैसे जातात त्यातले बरेच इथे वाचतात. म्हणून या किमतीचा स्कोप मोठ्या रायफलीवर सुचवायला मी कचरेन, पण इथे निर्धास्त सुचवते.

बसवताना दोन-तीन गोष्टी. ४५७ च्या रिसीव्हरवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते, पिकाटिनी रेल (आडव्या खाचांची पट्टी) नसते. रिंगा मागवताना स्कोपची नळी ३० मिलिमीटर आणि बेस ११ मिलिमीटर डव्हटेल असं दोन्ही बघून मागवा. बोल्ट फक्त ६० अंश उचलला जातो, त्यामुळे हँडल आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) लागत नाही. पुढच्या ५० मिलिमीटरच्या भिंगामुळे मात्र रिंगा उंच घ्याव्या लागल्या आणि गाल वर आणावा लागला. स्टॉकवर (रायफलीच्या दस्त्यावर) दाट फोमचा तुकडा आणि त्यावर कापडी टेप, एवढ्यावर सध्या भागतंय. रिंगांचे वरचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडांवर थांबवले. टॉर्क रेंच नसेल तर कोणाचा तरी मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका. नळी चेपली की आतली हालचाल अडते आणि वरून काहीच दिसत नाही.

रेटिकल सरळ करायला मी ओळंबा वापरला. कुंपणाला दोरी बांधून खाली वजन सोडलं, रायफल बॅगेवर लेव्हल केली आणि उभी रेघ दोरीवर येईपर्यंत स्कोप फिरवला. संध्याकाळी वारा पडल्यावर दोरी स्थिर राहिली तेव्हा हे काम दहा मिनिटांत झालं. रेटिकल तिरकं राहिलं तर ५० वर कळत नाही, पण १०० साठी क्लिक वर दिले की गोळी बाजूलाही जाते.

मग आयपीसचा फोकस. मोकळ्या आकाशाकडे (सूर्यापासून लांब) क्षणभर बघायचं, नजर काढायची, पुन्हा बघायचं, आणि पहिल्या क्षणाला रेटिकल काळंकुट्ट दिसेपर्यंत फिरवायचं. टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. हे आधी झालं नाही तर पॅरलॅक्सचा नॉब कितीही फिरवा, जुळणार नाही.

पॅरलॅक्स तपासताना रायफलीला हात लावायचा नाही. बॅगांमध्ये ती घट्ट बसवली, रेटिकलचा मधला ठिपका ५० यार्डांवरच्या बुलच्या (टार्गेटच्या मधल्या गोलाच्या) डाव्या कडेला टेकवला आणि डोकं हळू डावी-उजवीकडे केलं. नॉब १०० च्या खुणेवर असताना ठिपका बुलच्या आत शिरत होता, पुन्हा बाहेर येत होता. नॉब थोडा थोडा खाली आणत गेले तशी ही सरक कमी झाली आणि एका जागी पूर्ण थांबली. ती जागा नॉबवर छापलेल्या ५० च्या खुणेवर नव्हती, थोडी पुढे होती. या किमतीत हे सर्रास असतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. नॉबवर पांढऱ्या टेपची पट्टी लावून २५, ५०, ७५ आणि १०० च्या माझ्या खुणा पेनने केल्या आहेत.

क्लिक खरे आहेत का, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलं होतं. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच, म्हणून १ मिल तिथे १.८ इंच आणि ५ मिल बरोबर ९ इंच. उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारली, खालच्या ठिपक्यावर नेम धरून एक ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) झिरोवर आणि एक ५ मिल वर देऊन मारला, नेम तोच. दोन्ही ग्रुपच्या मध्यांमधलं अंतर टेपने मोजलं तर नऊ इंचांना केसभर कमी. दोन्ही ग्रुप रेघेवरच. झिरोवर परत आणून पुन्हा मारलं तर गोळ्या पहिल्याच ग्रुपमध्ये पडल्या. परत जागेवर येणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. रेंजवर एका ओळखीच्यांकडे याहून महाग स्कोप आहे (कंपनीचं नाव राहू दे), तो वर जाताना नीट जातो आणि येताना दोन क्लिक आधीच थांबतो.

आता झूमबद्दल. चोवीस पट आहे म्हणून चोवीसवर कोणी मारत नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात सकाळी दहानंतर जमिनीवरून उठणारी गरम हवा चोवीस पटीत बुलला नुसतं नाचवते. मी बहुतेक वेळ १२ ते १६ मध्ये असते. फक्त सकाळच्या गारव्यात भोकं बघायला वर जाते. ज्यांना निव्वळ बेंचरेस्ट (बाकावर रायफल टेकवून अचूक नेम) करायचंय, एआरएच्या (अमेरिकन रिमफायर असोसिएशन) २५ बुलच्या कागदावर गुण मिळवायचे आहेत, त्यांनी पहिल्या फोकल प्लेनचा आग्रह सोडावा. वाढत्या झूमबरोबर रेटिकल जाड होतं आणि छोटा मध्य झाकतं. त्यांना दुसऱ्या फोकल प्लेनचं (झूमबरोबर न बदलणारं) बारीक रेटिकल आणि पाव किंवा एक अष्टमांश एमओएचे (अंशाच्या साठाव्या भागाचे) क्लिक जास्त उपयोगी. माझा ०.१ मिलचा क्लिक ५० यार्डांवर साधारण ४.६ मिलिमीटर सरकवतो. गोळी ५.७ मिलिमीटरची आहे, त्यामुळे मला चालतं. बेंचरेस्टवाल्याला चालणार नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्या नेमबाजांसाठी थोडं वेगळं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) ५० मीटर रायफल प्रकारात दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही, तिथे पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची). कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम) कांस्य जिंकलं, ४५१.४ गुण, तेही पीप साइटवरच. तुम्ही त्या वाटेवर असाल तर हे पैसे शेजारी ठेवायच्या स्पॉटिंग स्कोपवर घाला. आणि इथल्या मंडळींना दोन सूचना कळकळीने. अमेरिकेतून रायफल स्कोप बाहेर नेण्यावर निर्यातीचे निर्बंध आहेत, गावी जाताना कोणासाठी बॅगेत टाकू नका. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडता संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. आधी ते तपासा.

सध्या एसके स्टँडर्ड प्लस काडतुसं वापरतेय. ५० चा झिरो धरून ७५ यार्डांना ०.९ मिल आणि १०० ला १.९ मिल लागतात. २५ ला काहीच बदलावं लागत नाही. १०० यार्डांपर्यंत एवढंच असल्यामुळे २० एमओए उताराची रेल घेतली नाही. २०० च्या लोखंडावर जायचं झालं तर सात-साडेसात मिलच्या आसपास लागतील, तेव्हा बघू. १०० वर ग्रुप अजून उभा पसरतोय. वेगात ३० फूट प्रति सेकंदाचा फरक पडला तरी तिथे अर्ध्या इंचाहून जास्त वर-खाली होतं, म्हणून स्कोपला दोष देण्याआधी वेगवेगळ्या लॉटचे (कारखान्यातल्या खेपांचे) डबे मागवले आहेत. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मिळाला की त्याच बाकावरून, त्याच झूमवर एकेक लॉट मारून बघणार आहे.