ताई, ह्याची पावडर मिळत नाही का?

जूनमधली गोष्ट आहे, आता ऑक्टोबर उजाडला तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढतेय. मी परळला मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे, 14 वर्षं झाली. आमच्या पट्ट्यात हॉस्पिटलं एवढी आहेत की कॅन्सरची औषधं आमच्याकडे तापाच्या गोळ्यांसारखी रोज जातात. बाहेरच्यांना वाटतं आम्ही चिठ्ठी वाचून डबा काढून देतो. खरं तर निम्मा वेळ चिठ्ठीत काय लिहायचं राहिलंय ते शोधण्यात जातो, उरलेला "डिस्काउंट किती" ह्याला उत्तर देण्यात.

एक काका, वय 74, गिरणीतून रिटायर झालेले, काळाचौकीला चाळीत राहतात. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलेला. तीन महिन्यांतून एकदा ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन आणि रोज अबिरॅटेरॉनच्या 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, सोबत प्रेडनिसोलोन 5 ही स्टेरॉइडची छोटी गोळी, सकाळ-संध्याकाळ. औषध न्यायला नेहमी मुलगा यायचा, शांत माणूस, 120 गोळ्यांची बाटली घेणार, कॅश मेमोवर बॅच नंबर आणि एक्सपायरी बघणार आणि जाणार.

ह्या औषधांबद्दल मला फार बोलायला आवडतं, कारण हा विषय मी मनापासून शिकलेय. 1941 साली शिकागोला हगिन्स आणि हॉजेस ह्यांनी दाखवलं की अंडकोष काढले की प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो, 1966 ला हगिन्सना नोबेल मिळालं. आज तेच काम इंजेक्शन करतं, मेंदूकडून अंडकोषांना जाणारा निरोपच बंद करतं. सुरुवातीचे काही दिवस उलट टेस्टोस्टेरॉन, ज्या पुरुषी हॉर्मोनवर हा कॅन्सर पोसतो ते, वाढतं, हाडात गाठ असेल तर दुखणं उसळतं, म्हणून तेवढ्यापुरतं बायकॅल्युटामाइड देतात, ते पेशीतल्या रिसेप्टरवर, म्हणजे हॉर्मोनच्या बसायच्या जागेवर, बसून राहतं आणि टेस्टोस्टेरॉनला जागा देत नाही. पण अंडकोष बंद झाले तरी किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थोडं अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, बनवतातच आणि गाठ हुशार झाली की स्वतःच बनवायला लागते. तिथे अबिरॅटेरॉन लागतं. ते अँड्रोजेन बनवायला लागणारं सीवायपी 17 हे एन्झाइमच बंद करतं, म्हणजे नळ नाही, टाकीच बंद. आता हेच एन्झाइम कॉर्टिसॉलच्या, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या स्टेरॉइडच्या, वाटेवरही आहे, त्यामुळे कॉर्टिसॉल कमी पडतं, मग मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी घाबरून एसीटीएच हे अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारं हॉर्मोन वाढवते, आणि त्या जोराने मीठ-पाणी धरून ठेवणारी हॉर्मोन्स साचतात. बीपी चढतं, पाय सुजतात, पोटॅशियम उतरतं. प्रेडनिसोलोनची ती चिमुकली गोळी पिट्युटरीला शांत ठेवते, एवढ्यासाठीच असते. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारा.

त्या शनिवारी पाऊस असा होता की हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी भरलेलं. मुलगा डोंबिवलीला कामावर गेलेला, लोकल बंद, म्हणून सून चालत आली, ओली चिंब, प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी. मी बाटली काढली, बिल केलं. प्रेडनिसोलोन नको म्हणाली. मी "घरी आहे का?" विचारणार तेवढ्यात मागचा माणूस ओरडला, "अहो मॅडम जरा लवकर", आणि मी बाटली पिशवीत घातली. मग तीच म्हणाली, "ताई, ह्याची पावडर मिळत नाही का? रोज कुटायला फार त्रास होतो हो."

मी मागच्या माणसाला थांबायला सांगितलं.

काकांना एवढ्या मोठ्या गोळ्या गिळवेनात, दोन महिन्यांपूर्वी एकदा घशात अडकली, तेव्हापासून घरातल्या पितळी खलबत्त्यात, ज्यात वेलची कुटतात त्याच खलबत्त्यात, सून चार गोळ्या कुटायची आणि शिऱ्यात घालून द्यायची. शिरा कसा, तर चांगलं तूप सोडून, म्हातारं माणूस आहे, ताकद यायला हवी. मी म्हटलं, वहिनी, हे औषध रिकाम्या पोटीच घ्यायचं, आधी दोन तास काही नाही, नंतर एक तास काही नाही, आणि गोळी अख्खीच. तुपा-तेलाच्या जेवणाबरोबर हे औषध रक्तात 10 पटींपर्यंत जास्त जातं, एका वेळचा उच्चांक तर 17 पटींपर्यंत जाऊ शकतो. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, बाबांचे पाय सुजलेत, जिना चढताना पायात गोळे येतात, गळून बसतात मधेच. प्रेडनिसोलोन दीड महिना बंद आहे, शेजारच्या एकांनी सांगितलं की स्टेरॉइडने हाडं पोकळ होतात, आणि बाबांच्या हाडात तर आधीच आजार. त्यांच्या हिशोबाने त्यांनी बरोबरच केलेलं.

मी खुर्ची दिली तिला. पाणी दिलं. तर म्हणाली नको, सध्या वासानेच मळमळतं, त्या पावडरीच्या भुकटीने तर जास्तच. मी तिच्याकडे नीट बघितलं तेव्हा. विचारलं, "दिवस राहिलेत का?" हळूच हसली, "अडीच महिने झाले."

माझे हातपाय गार पडले. गर्भ मुलाचा असो की मुलीचा, पहिले काही आठवडे बाहेरून दोघांचं सारखंच दिसतं. तिसऱ्या महिन्याच्या आसपास मुलाच्या गर्भात टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे आणखी जोरदार हॉर्मोन बनतं आणि त्याच्यामुळे बाहेरचे अवयव घडतात. नेमकं त्या काळात ही मुलगी उघड्या हाताने, उघड्या नाकातोंडाने अँड्रोजेन बंद करणारं औषध रोज कुटत होती. अबिरॅटेरॉनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की गरोदर बाईने हातमोज्यांशिवाय हात लावू नये. पण ते पत्रक म्हणजे इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात, आठ घड्या घातलेला कागद. काळाचौकीतल्या बारावी झालेल्या मुलीने तो उलगडून वाचावा ही अपेक्षा ज्यांनी ठेवली त्यांचा मला राग येतो. आणि आमच्या इथल्या ओपीडीचाही येतो, चिठ्ठीवर "बिफोर फूड" सुद्धा नव्हतं, चार गोळ्या, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, संपलं.

पण सगळ्यात जास्त राग माझा मला. केस गळतात म्हणून फिनास्टराइड न्यायला तिशीतली मुलं येतात ना, त्या प्रत्येकाला मी सांगते की घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेल्या गोळीला हात लावू देऊ नका. प्रत्येकाला. ते लाजतात तरी सांगते. आणि इथे तीन बाटल्या दिल्या तरी कधी विचारलं नाही, कारण पेशंट 74 वर्षांचा, न्यायला येणारा मुलगा, माझ्या डोळ्यासमोर बाई आलीच नाही. गोळ्या घरात कोण काढून देतं, हा प्रश्नच पडला नाही मला.

ओपीडीचा फोन कुणी उचलेना. शेवटी शेठना काउंटरवर उभं केलं, छत्री घेतली आणि तिला घेऊन गुडघाभर पाण्यातून हॉस्पिटलला गेले. शेठ कुरकुरले, दुसरा फार्मासिस्ट नव्हता, पण मला त्या वेळी काहीच पर्वा नव्हती. ड्युटीवरचा रेसिडेंट डॉक्टर जेमतेम सत्तावीसचा असेल, दोन रात्री झोपलेला दिसत नव्हता, मला वाटलं हाकलून देणार. पण त्याने सगळं शांतपणे ऐकलं, "शिरा" ऐकल्यावर पेन खाली ठेवलं, आणि काकांना लगेच आणायला सांगितलं. संध्याकाळी आणलं. पोटॅशियम 2.9, म्हणजे बरंच उतरलेलं, बीपी 170 वर 100. अ‍ॅडमिट करून घेतलं, अबिरॅटेरॉन थांबवलं, पोटॅशियम दिलं, लिव्हरच्या टेस्ट केल्या, प्रेडनिसोलोन परत सुरू. दहा-बारा दिवसांनी गोळ्या पुन्हा चालू झाल्या, आता एक-एक करून सावकाश पाण्याबरोबर अख्ख्या गिळतात, पहाटे, चहाच्या आधी. पायांची सूज उतरलीये. फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधाचा दुष्परिणाम कळवायचा, फॉर्म मी स्वतः बसून भरला, आमच्या दुकानातून गेलेला बहुतेक पहिलाच.

सुनेला स्त्रीरोग डॉक्टरांनी समजावलं की पोटात गोळी गेलेली नाही, हाताला आणि श्वासात जाईल तेवढंच, त्यामुळे फार घाबरू नका, पण परत हात लावायचा नाही आणि बाळाला जन्मल्याबरोबर बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासायचं. खलबत्ता टाकून दिला म्हणे सासूबाईंनी, लग्नातला होता त्यांच्या.

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली तेव्हा ती रिपोर्ट घेऊन मुद्दाम दुकानात आली. हृदय, मणका, किडन्या, सगळं व्यवस्थित. पण आम्हाला दोघींना जे बघायचं होतं ते त्या कागदावर नसतं. 1994 च्या कायद्याने मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही आणि तो कायदा हवाच, मी त्याच्या बाजूने कुणाशीही भांडेन. तरी त्या दिवशी तो कागद मी दोनदा उलटून बघितला.

ती म्हणाली, "ताई, मुलीच्या अवयवांना हे टेस्टोस्टेरॉन लागत नाही ना? तुम्हीच सांगितलंत."

म्हटलं, नाही, घडायला लागत नाही.

"सासूबाईंनी मुंबादेवीला नवस बोललाय," ती म्हणाली. "मुलगी होऊ दे म्हणून. आमच्या घरात आजपर्यंत असा नवस कुणी बोललं नव्हतं."

मुलगा परवा येऊन काकांची बाटली घेऊन गेला. आता मी बाटलीबरोबर हातमोज्यांची जोडी ठेवते आणि झाकणावर मराठीत चिठ्ठी चिकटवते, हाताने लिहिलेली. त्याने ती चिठ्ठी सगळी वाचली, मग बॅच नंबर बघितला. तिला जानेवारीची तारीख दिलीये.