दिवाळे ते खांदेरी: ॲल्युमिनियमची ट्रेलर-बोट घ्यायच्या आधी

बोट घ्यायचं ठरलं की लोक आधी इंजिनाच्या हॉर्सपॉवरवर येतात. आमच्या तिघांचं भांडण लांबीवरून होतं. मेहुण्यांना सहा मीटरची, पुढे केबिन असलेली हवी, मला पाचच्या आसपासची उघडी, आणि बेलापूरचा मित्र दोघांनाही एकच विचारायचा, "ती पाण्यात कुठून सोडणार?" शेवटी ओळखीतल्या दोघांच्या दोन बोटी एका दिवसासाठी मागून घेतल्या, बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या एका नाखवांना (होडी चालवणाऱ्या अनुभवी कोळ्यांना) सोबत यायची विनंती केली आणि डिसेंबरात अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या बाहेरपर्यंत जाऊन आलो. नवी मुंबईतून ट्रेलरवर बोट ओढत नेऊन खोल पाण्यात गळ टाकायचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लहान बोट ४.८ मीटरची, पातळ पत्रा दाबून आणि रिव्हेट मारून केलेली, बूड जवळजवळ सपाट, मागे ५० हॉर्सपॉवरचं इंजिन. मोठी ५.७ मीटरची, जाड प्लेटची, पूर्ण वेल्डिंगची. बुडाला ५ मिलिमीटर, बाजूंना ४, मागच्या टोकालाही बुडाचा व्ही (बूड मध्यापासून बाजूंकडे जितकं वर चढतं तो कोन) साधारण १९ अंशांचा, इंजिन ९० हॉर्सपॉवरचं.

दिवस अष्टमीचा निवडला. कोकणातला जुना हिशोब बहुतेकांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. पहाटे सहाला भरती, बाराच्या सुमारास सुकती, संध्याकाळी सहाला परत भरती. सकाळी ओहोटीबरोबर बाहेर पडायचं आणि दुपारी चढत्या पाण्याबरोबर आत यायचं, दोन्ही वेळा पाणीच ढकलत नेतं, पेट्रोल वाचतं. शिवाय भांगाचे दिवस असल्याने पाण्याचा चढउतार कमी. याउलट पौर्णिमा-अमावास्येला, उधाणाच्या दिवसांत, मुंबई बंदरात हा फरक चार मीटरच्या वर जातो आणि पहाटे सहाला खाडीत नुसता चिखल उघडा पडलेला असतो. अशा दिवशी ट्रेलर घेऊन गेलात तर बोट ट्रेलरवरच बसवून वडापाव खाऊन परत यावं लागेल. पाऊणपटीचा हिशोब अंदाजाला ठीक आहे. नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघाच.

आता बोट पाण्यात सोडायचा उतार. आपल्याकडे मासेमारीच्या जेट्ट्या कोळ्यांच्या होड्यांसाठी आहेत. त्या होड्या पाण्यातच असतात, सुकतीला चिखलात बसतात, भरतीला उठतात. त्यांना ट्रेलर लागतच नाही. त्यामुळे जो काँक्रीटचा उतार आहे तो वरून छान दिसतो, खाली शेवाळाने बुळबुळीत होतो आणि शेवटी अचानक संपतो. त्यापुढे चाक गेलं की रुतलंच. लहान बोट आम्ही चौघांनी हाताने ढकलून सोडली. मोठी बोट इंजिन, १२० लिटर पेट्रोल, बर्फ आणि ट्रेलर धरून दीड टनाच्या घरात जाते. ती उतरवताना मागची चाकं काँक्रीटच्या कडेवर आणि पुढची गाडी शेवाळावर, अशा अवस्थेत हँडब्रेकवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न पडतो. गाडीच्या चाकांना दगड लावले, विंचचा पट्टा सैल करत करत बोट सोडली. हॅचबॅकवाल्यांनी हा नाद सोडावा. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तरी गाडीच्या कंपनीने किती वजन ओढायला परवानगी दिली आहे ते पुस्तकात वाचा.

आणखी एक. पामबीच रोडने ओढत आणलेल्या ट्रेलरचे हब (चाकांच्या मधले, बेअरिंग असलेले भाग) तापलेले असतात. ते तसेच खाऱ्या पाण्यात बुडवले तर आतली हवा एकदम आकसते आणि सील असूनही पाणी आत ओढलं जातं. काही महिन्यांत बेअरिंग गेलं. पोचल्यावर अर्धा तास थांबा, हबला हात लावून बघा, मगच पाण्यात घाला. तेवढ्या वेळात जेट्टीवरच्या मच्छीमार सोसायटीच्या लोकांशी बोलून घ्या. जागा त्यांच्या रोजीरोटीची आहे. न विचारता गाडी आडवी लावली तर जे ऐकून घ्यावं लागेल ते रास्तच असेल.

खाडीतला भाग थोडक्यात सांगतो, कारण तिथे दोन्ही बोटी सारख्याच चालल्या. थंडी, मागून मंद मतलई वारा, सपाट पाणी. पनवेल खाडीच्या तोंडातून बाहेर पडलं की अटल सेतूखालून दक्षिणेला जायचं. इथे लक्ष पाण्यावर ठेवा: डोलीचे (एका जागी बांधलेल्या जाळ्यांचे) खुंट, जाळ्यांचे बोये, तरंगते दोर. नाखवा पुढे बसून नुसता हात डावीकडे-उजवीकडे करत होते आणि आम्ही वळत होतो. जाळ्यावरून पंखा नेलात तर पंखाही जातो आणि जाळंही, आणि जाळ्याचे पैसे द्यायचे असतात. मुंबईकडच्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) अणुसंशोधन केंद्राच्या किनाऱ्याकडे आणि जवाहर द्वीपाच्या तेल टर्मिनलकडे फिरकू नका. जेएनपीएच्या, म्हणजे न्हावा-शेवा बंदराच्या, कंटेनर जहाजांचा मार्ग काटकोनात आणि झटपट ओलांडा. ती जहाजं थांबू शकत नाहीत, तुमच्यासाठी वळणारही नाहीत.

खरी परीक्षा बंदराच्या तोंडाशी. दिवाळ्यापासून खांदेरी सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आसपास, वळणं धरून जास्तच. रेवस-मांडवा डावीकडे मागे पडलं की समुद्राची लांब लाट जाणवू लागते. तिथपर्यंत लहान बोटीवाले पुढे होते, हात हलवत होते. पुढे त्यांचा वेग निम्म्यावर आला. सपाट बुडाची हलकी बोट लाटेच्या माथ्यावरून सुटते आणि पुढच्या खळग्यात आपटते. प्रत्येक आपटीला पत्र्याचा असा आवाज येतो की दात आपोआप आवळले जातात. मी अर्धा तास त्या बोटीत होतो आणि सगळा वेळ गुडघे वाकवून उभा होतो. बसायची सोय होती, बसवत नव्हतं. मोठी बोट त्याच पाण्यात लाट कापत २० नॉटच्या आसपास शांत चालली होती.

पण इंजिन बंद करून गळ टाकल्यावर चित्र उलटं झालं. लहान बोट पाटासारखी स्थिर, दोघे एका बाजूला आले तरी फारशी कलत नव्हती. मोठी, खोल व्हीची, सारखी डुलत होती. मेहुण्यांनी तिसऱ्या डुलक्यालाच आल्याचा तुकडा तोंडात टाकला. खोल व्हीचा हा तोटा कॅटलॉगमध्ये कोणी ठळक छापत नाही. ॲल्युमिनियमच्या ट्रेलर-बोटींचं मोठं मार्केट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आहे. तिथल्या सुर्टीस, बार क्रशर यांसारख्या बोटींमध्ये कण्याजवळ एक पोकळी असते. बोट थांबली की तीत पाणी भरतं आणि बूड जड होऊन बोट स्थिरावते. वेग घेतला की पाणी मागून निघून जातं. आपल्याकडे बोट बनवून घेणार असाल तर कारागिराला हे विचारा. जमत नसेल तर १६ ते १८ अंशांचा मधला व्ही आणि बाजूंना रुंद चाइन घ्या. चाइन म्हणजे बूड आणि बाजू जिथे मिळतात ती पट्टी. ती रुंद असली की डुलणं आटोक्यात राहतं.

मासळीचं म्हणाल तर खडकाळ तळावर माकुलाच्या (स्क्विडच्या) तुकड्यांना दोन गोबरे आणि एक तांबोशी लागली, बाकी शिंगाळे. रावसाचं स्वप्न रावसाकडेच राहिलं. खांदेरीवर उतरलो नाही. १६७९ पासूनचा किल्ला, त्यावरचं दीपगृह आणि वेताळाचं ठाणं बोटीतूनच बघितलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. बेटाभोवतीच्या खडकांपासून लांब राहा.

अकरानंतर खारे वारे सुरू झाले. परतीचा हाच काळ नाजूक, कारण ओहोटीचं पाणी अजून बंदरातून बाहेर येत असतं आणि वारा समुद्राकडून आत येतो. दोघे समोरासमोर भिडले की लाटा आखूड, उभ्या आणि जवळजवळ होतात. नाखवांनी निघूच दिलं नाही. पाणी फिरेपर्यंत थांबलो, मग निघालो, तोवर तोंडाशी बरीच नरमाई आली होती. तरी लाट मागूनच येत होती. मी मोठ्या बोटीच्या उंच नाळेचं, म्हणजे पुढच्या टोकाचं, कौतुक करत होतो तेव्हा नाखवा म्हणाले, "तोंड नका बघू, पाठ बघा. घरी येताना लाट पाठीमागनंच येते."

त्या वाक्यावर दोन्ही बोटींची पाठ तपासली. लहान बोटीत इंजिनासाठी मागची फळी खाली कापलेली, आणि तिच्या पुढे अडसर नाही. लाट चढली तर थेट पायात. पाणी बाहेर जायला एक पंप, तोही बॅटरीवर. मोठ्या बोटीत इंजिनापुढे बंद कप्पा, २५ इंची शाफ्टचं इंजिन लावता येईल इतकी उंच फळी, आणि डेक पाण्याच्या पातळीच्या वर असल्याने आत आलेलं पाणी मागच्या भोकांतून आपोआप निघून जातं. समुद्रात जायचं असेल तर या तीन गोष्टींवर तडजोड नको; केबिन, खुर्च्या, मोठी स्क्रीन हे सगळं नंतर होतं. डेकखाली बंद कप्पे किंवा फोम आहे का, बोट पाण्याने भरली तरी तरंगेल का, हे लेखी घ्या.

धातूबद्दल. प्लेट ५०८३ या मरिन ग्रेडची हवी, तिचं प्रमाणपत्र मागा. वेल्डिंग आत-बाहेर दोन्हीकडून पूर्ण आहे का ते बोट फिरवून बघा. गंजत नाही म्हणून ॲल्युमिनियम घेतात, पण खाऱ्या पाण्यात तांबं चिकटलं तर त्या जागी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. नव्या बोटीची पूजा झाली की तांब्याचं नाणं किंवा कलशातलं तांब्याचं काही बुडात राहतं. तिथे साचलेल्या पाण्यात ते पडून राहिलं तर नाण्याएवढा खड्डा पडून भोकापर्यंत मजल जाते. पूजा जरूर करा, नाणं घरी न्या. तांबं असलेला बुडाचा रंगही लावू नका. स्टीलचे बोल्ट असतील तिथे मध्ये प्लास्टिकचे वॉशर, आणि झिजायला लावलेले ॲनोड निम्मे झाले की बदला. रोज ट्रेलरवर येणाऱ्या बोटीला आणखी एक फायदा: घरी आणून गोड्या पाण्याने धुता येते. ट्रेलरवर कापडी पट्ट्या असतील तर त्या मिठाचं पाणी धरून ठेवतात. त्यापेक्षा रोलर बरे.

पेट्रोलचा नियम सोपा: तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, तिसरा शिल्लक. वाटेत पंप नाही. बोटीची नोंदणी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे करावी लागते, ट्रेलरही मोटार वाहन कायद्यात वाहनच धरला जातो, म्हणजे आरटीओ आलं. निघण्याआधी सागरी पोलिसांना किती जण, कुठे, कधी परत हे कळवा. २००८ नंतर मुंबईच्या समुद्रात अनोळखी बोटीकडे सगळे संशयानेच बघतात, आणि ते बरोबर आहे. अंगात लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, आणि त्यानंतरही कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत वाट बघतात ती उगाच नाही.

आमचं ठरलं ते असं: ५.४ मीटर, बुडाला ५ आणि बाजूंना ४ मिलिमीटर प्लेट, १७ अंशांचा व्ही, उघडा डेक, ऊन टाळायला नुसतं छत, ७५ हॉर्सपॉवर. मेहुण्यांची केबिन गेली, त्याबद्दल त्यांना १०० लिटरची टाकी मिळाली. बोटीचं काम सुरू व्हायला वेळ आहे, पण ट्रेलर आधीच बनवायला टाकलाय, दोन ॲक्सलचा, गॅल्व्हनाइझ्ड, लांब दांड्याचा, म्हणजे गाडी कोरड्यात राहील. तो आला की रिकामाच नेऊन त्या उतारावर एकदा भांगाच्या आणि एकदा उधाणाच्या भरतीला घालून बघणार, आणि मगच बोटीची लांबी पक्की करणार.