बोडीची होडी होऊ नये म्हणून

तालुक्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि माझ्या शाखा डाकघराच्या खिडकीपाशी तर हमखास, एकच प्रश्न मला विचारला जातो: "बाई, पुस्तक तुम्ही स्वतःच का छापलंत? एखाद्या प्रकाशकाला का नाही दिलंत?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, तो खर्चाचा. तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींची उत्तरे एकदा नीट लिहून काढते. ज्यांच्या घरी गोष्टींची वही फळीवर पडून आहे त्यांच्या ती कामी यावीत.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांमध्ये, वसलेले आहे. शाळा सुटल्यावर मुले डाकघराच्या ओसरीवर येऊन बसतात, कारण आया रोवणीला किंवा कापणीला गेलेल्या असतात. त्यांना धरून ठेवण्यासाठी मी गोष्टी रचू लागले. पहिली गोष्ट एका मुलीच्या प्रश्नातून निघाली. "मामा तलाव म्हणजे कोणाच्या मामाचा?" असे तिने विचारले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, मालगुजारांचे तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि बोलता बोलता त्याचे 'मामा' झाले, हे खरे उत्तर मी तिला सांगितले. पण तिला मामाच हवा होता. म्हणून मी तिला एक मामा दिला, जो तलावाच्या पाळीवर राहतो आणि पाणी आधी कोणाच्या बांधीत जावे याचा निवाडा करतो.

अशा सहा गोष्टी झाल्या. त्यांपैकी एक मी एका दिवाळी अंकाला पाठवली आणि ती छापून आली. अंक हातात आला तेव्हा आनंद झाला, पण वाचताना दिसले की 'बोडी'चे 'तळे' झाले होते आणि 'पऱ्हे' जाऊन 'रोपे' आली होती. सर्वांना समजावे एवढाच संपादकांचा हेतू असणार, हे मी जाणते. तरी बोडी म्हणजे तळे नव्हे. बोडी शेतकऱ्याच्या स्वतःच्या वावरात असते, पावसाचे पाणी तिच्यात अडवून ठेवलेले असते, आणि पावसाने ऐन वेळी दगा दिला तर निसवणारे धान त्या पाण्यावर वाचते. माझ्या गोष्टीत दोन भाऊ वाटणीच्या वेळी बोडीवरून अबोला धरतात. तळ्यावरून ते कशाला अबोला धरतील? त्या एका शब्दाने गोष्टीचे कारणच काढून घेतले होते. पुस्तक करायचे तर शेवटचा हात आपलाच फिरला पाहिजे, हे तेव्हा ठरले. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे आणि ती चांगली आहे, हे मी विचारणाऱ्यांना आवर्जून सांगते. मला मात्र शब्दांइतकेच चित्रांचेही माझ्या मनासारखे करायचे होते.

चित्रे काढली ती आमच्याच गावच्या एका कारागिराने. मी त्यांना दादा म्हणते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुले जे लाकडी बैल ओढत नेतात ते दादा घडवतात आणि रंगवतात. कागदावर त्यांनी कधी काढले नव्हते. पहिल्याच चित्रात त्यांनी बैलाच्या मानेवर, जू बसते तेथे, केस झडून गुळगुळीत झालेला घट्टा काढला. मी त्याबद्दल गोष्टीत एक शब्दही लिहिलेला नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी करताना ज्याचा हात त्या घट्ट्यावरून फिरला आहे, त्यालाच तो सुचतो. ते चित्र पाहून मी गोष्टीतली दोन वाक्ये काढून टाकली, कारण ती आता चित्रातच आली होती.

दादांशी मी साध्या कागदावर करार केला, आणि हे प्रत्येकाने करावे असे माझे ठाम मत आहे. कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच लागते, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच धरले जाते. आम्ही लिहिले की मूळ चित्रे दादांची, पुस्तकात आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत ती छापण्याचा हक्क माझा, आणि मुखपृष्ठावर दोघांची नावे सारख्याच आकारात.

छपाईला देण्यापूर्वी पुस्तक हाताने बांधून पाहावे. एक मोठा कागद तीनदा दुमडला की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात. त्याला एक फर्मा म्हणतात. आमचे पुस्तक दोन फर्म्यांचे, बत्तीस पृष्ठांचे, मधोमध पिना मारलेले. बोडीचे चित्र समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर पसरलेले हवे होते. नमुना बांधल्यावर कळले की मधल्या पिनेचे पुस्तक असले की सोळावे आणि सतरावे ही दोनच आतली पृष्ठे एका अखंड कागदावर समोरासमोर येतात. बाकी कोठेही चित्राचे दोन अर्धे वेगवेगळे छापले जातात आणि काठाची रेघ जुळेलच असे नसते. मग गोष्टींचा क्रम बदलून बोडीला मधली जागा दिली.

पुस्तकाची जुळणी, म्हणजे छपाईसाठी अक्षरे आणि पाने लावण्याचे काम, शहरात झाली. मी मजकूर मोबाईलवर युनिकोडमध्ये टंकला होता. जुळणी करणाऱ्याने तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला तेव्हा जेथे जेथे 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' होते तेथे अक्षरे फुटली. 'पऱ्हे' हा शब्द तर एकदाही धड उरला नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढे होती. 'बोडी' ही टंकनाची चूक समजून त्याने सगळीकडे 'होडी' करून टाकले होते, आणि गोष्टीतली आमची म्हैस दुपारभर होडीत डुंबत होती. मुलगा कामसू होता, त्याने आपल्या समजुतीने चूक सुधारली होती. मी त्याला बोडी म्हणजे काय ते बसून सांगितले, आणि प्रत्येक पान ओसरीवरच्या मुलांकडून मोठ्याने वाचवून घेतले. डोळा जे सोडून देतो ते कान पकडतो.

रंगाने मला सर्वांत जास्त शिकवले. एका गोष्टीत फाल्गुनातला पळस आहे. मोबाईलच्या पडद्यावर तो पेटलेला दिसत होता. पहिल्या नमुन्यात तो विटेसारखा मळका आला. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शाईंनी, आणि धगधगीत केशरी त्या चार शाईंच्या आवाक्याबाहेर आहे. स्कॅन केलेल्या केशरीत निळ्या आणि काळ्या शाईचा अंश मिसळला होता, तो मशीनवाल्याने काढून टाकला आणि फक्त पिवळी व किरमिजी ठेवली. दादांनी मागच्या फांद्या अधिक काळपट केल्या, कारण पळस फुलतो तेव्हा झाडाला पाने नसतातच. वावराच्या धुऱ्यावरच्या पळसाइतका तो झाला नाही. तरी पोरांनी चित्र पाहताच त्याला पळस म्हटले. नमुना मोबाईलवर पाहून होकार देऊ नका; ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर मागा.

आता खर्च. पाचशे प्रतींना सर्व मिळून सेहेचाळीस हजार रुपये लागले, त्यांत दादांचे बारा हजार. एक प्रत बाण्णव रुपयांना पडली आणि किंमत एकशे वीस ठेवली. ऑफसेटच्या प्लेटी एका प्रतीला लागतात तेवढ्याच हजार प्रतींना लागतात, म्हणून प्रती वाढवल्या की दर उतरतो. पण घरात ओलीने गठ्ठे खराब होतात, तेव्हा त्या मोहात पडू नये. पन्नास प्रतीच हव्या असतील तर डिजिटल छपाई बरी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकाला स्वतः अर्ज करून मिळतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत. त्यासाठी कोणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका.

पुस्तके पाठवण्याचे तर माझेच खाते. जुने नोंदणीकृत बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले तेव्हा मला फार वाईट वाटले होते. १ मे २०२५ पासून पुस्तके पाठवण्यासाठी ज्ञान पोस्ट ही डाक सेवा सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर. आमच्या दोन प्रती त्या वजनात आरामात बसतात. मात्र पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते.

आणखी एक काम बरेच जण विसरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने पाठवायची असते. प्रकाशक मी असल्याने ते माझ्याकडे आले. चार पाकिटे मी ओसरीवर मांडली, मुलांनी पत्ते वाचून दाखवले, आणि मामाच्या तलावाचा प्रश्न जिने विचारला होता तिने कोलकात्याच्या पाकिटातली प्रत पुन्हा बाहेर काढून सोळावे पृष्ठ उघडले, बोडी बोडीच आहे ना ते पाहिले, आणि मग मला शिक्का मारू दिला.