४१ किलो आणि ‘वजन कमी करा’

रिपोर्टवर ‘फॅटी लिव्हर’ दिसलं की आमच्याकडे एकच छापील तक्ता हातात पडतो: तेल-तूप बंद, वजन कमी करा. तो तक्ता घेऊन माझ्यासमोर बसलेल्या काकांचं वजन होतं ४१ किलो.

स्वादुपिंडाच्या गाठीसाठी व्हिपल शस्त्रक्रिया (स्वादुपिंडाचा काही भाग काढून टाकण्याची) झालेली, त्याला वर्षही उलटलं नव्हतं. पायांवर सूज, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त २.४. सीटी स्कॅनमध्ये प्लीहा ४८ हाउन्सफिल्ड (स्कॅनमधला उजळपणा मोजायचं एकक), यकृत जेमतेम १०, म्हणजे चरबीने भरलेलं. निरोगी यकृत प्लीहेपेक्षा उजळ दिसायला हवं. दारूचा संबंधच नाही, गळ्यात तुळशीची माळ.

डॉक्टरांना ओपीडीच्या गर्दीत जे विचारायला वेळ नसतो (किंवा संकोच असतो), ते आम्हा आहारतज्ज्ञांना विचारावंच लागतं. “संडासला तेलकट होतं का? पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहतं?” मुलगा मोबाइलमध्ये बघायला लागला. काकू म्हणाल्या, “घासून घासून हात दुखतात हो मॅडम.”

तेलकट संडास म्हणजे चरबी न पचताच बाहेर पडतेय. स्वादुपिंडाचा पाचकरसच पुरेसा नाही, तर खाल्लेलं अंगी लागणार कसं? यकृतातली चरबी रक्तात सोडायची तर तिला प्रथिनांचं वेष्टण लागतं. प्रथिनंच कमी पडली की ती तिथेच साचते. कुपोषित मुलांमध्येही हेच होतं. १९२०च्या दशकात टोरांटोत स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्शुलिनवर जगवले, तेव्हा त्यांची यकृतं चरबीने भरली. कच्चं स्वादुपिंड खाऊ घातल्यावर ते थांबलं. इतकं जुनं ज्ञान, आणि आमचा तक्ता म्हणतो तूप बंद!

काकांना एन्झाइमची, म्हणजे त्या पाचकरसाची जागा घेणारी, कॅप्सूल लिहून दिलेली होती. “कधी घेता?” “सकाळी उपाशीपोटी, ॲसिडिटीच्या गोळीबरोबर.” चिठ्ठीवर फक्त १-०-०. पोटात अन्नच नसेल तर ती पचवणार काय? मी लिहून दिलं आणि सर्जनांची सही आणली: दोन्ही जेवणांना २५,००० युनिटच्या दोन-दोन, एक पहिल्या घासाला, दुसरी जेवणाच्या मध्यावर, दूध-बिस्किटं घेतली तरी एक. चावायची नाही. आणि भातावर तूप सुरू.

मग ही कॅप्सूल कशापासून बनते तेही सांगितलं. मुलगा मागून हाताने ‘नको’ म्हणत होता. पण माळकरी माणसाला डुकराच्या स्वादुपिंडाचं औषध न सांगता देणं मला पटत नाही. काकांनी पाकीट उचलून मुलाच्या पिशवीत टाकलं. “मग राहू द्या.”

मधले काही आठवडे ते आलेच नाहीत. आले तेव्हा ३९ किलो. त्यांच्या दिंडीतल्या महाराजांनी ‘औषधाला विटाळ नसतो’ म्हटलं म्हणे, तेव्हा कुठे सुरुवात केली. जे मला तासभर बोलून जमलं नाही, ते त्या एका वाक्याने झालं.

आता वजन ४७ आहे, नव्या स्कॅनमध्ये यकृत ४५. मुलगा अजून मला ऐकवतो, “तुम्ही बोलला नसता तर मधले दिवस वाया गेले नसते.” काकांचा परवा फोन होता: वारीत पिशवी उन्हात राहिली तर कॅप्सूल खराब होतात का? होतात, म्हटलं, डबी सावलीत ठेवा.