हिरवी-पिवळी वायर

टांझानियाच्या झांझिबार बेटावर जानेवारीत मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान पावणेसातच्या आसपास होते. अजान सुरू झाली की साउंड चेक थांबतो, मग ओळ अर्ध्यावर असली तरी. म्हणून ताराबच्या, म्हणजे तिथल्या वाद्यवृंदासह गायच्या संगीताच्या, कार्यक्रमात माइक-वाद्यांच्या सगळ्या लाइन्स साडेसहाच्या आत तपासून मोकळं व्हायचं, हे आमच्याकडे साउंडचं काम शिकणाऱ्या मुलींच्या वहीतलं पहिलं वाक्य. त्या गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्यातली सगळ्यांत धाकटी स्टेजवरून ओरडली, "काका, झिमा! झिमा!"

झिमा म्हणजे बंद करा. (स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. मराठी कानाला याची सवय व्हायला वेळ लागतो.) मी मेन पाडला. पंखे थांबले, आणि दगडी वाड्याच्या अंगणात पंधरा वादक माना वळवून तिच्याकडे बघत राहिले.

झालं होतं ते एवढंच: बेस गिटार वाजवणारे काका कोरसही गातात. ते माइककडे वाकले, ओठ जाळीला टेकले आणि "शोती!" म्हणून मागे सरले. शोती म्हणजे आपला शॉक. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. नेहमीचंच आहे, माइकला स्पंजची टोपी चढवा म्हणजे लागत नाही, असं म्हणून त्यांनी खिशातून टोपी काढलीसुद्धा. त्या दिवसांत कास्काझी वाहत असतो, म्हणजे ईशान्येचा मोसमी वारा, आणि समुद्राच्या अंगाला माइकला टोपी लागतेच. त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नसतं. तिला दिसलं. टोपीने ओठ आणि जाळीत सेंटिमीटरभर अंतर पडतं. बिघाड आहे तिथेच राहतो आणि पुढच्या वेळी ओल्या हाताने माइक धरणाऱ्याची वाट बघतो.

आमच्याकडे नियम होता की शिकाऊ असो वा मुरलेला, कुणीही "झिमा" म्हटलं की आधी वीज बंद, कारण नंतर विचारायचं. कागदावर लिहायला हा नियम सोपा आहे. पंधरा वादक, त्यांतले निम्मे तिच्या आजोबांच्या वयाचे, अजानला अर्धा तास उरलेला, अशा वेळी एकोणीस वर्षांच्या मुलीने तो वापरणं वेगळं. वाद्यवृंदाच्या म्होरक्यांनी मला विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "म्झे, तिलाच विचारा." म्झे म्हणजे वडीलधारे.

तिने सगळ्यांना वाद्यांवरून हात काढायला लावले, वीज परत सुरू करून घेतली आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात प्रोब. काळा प्रोब क्लिपने माइकच्या जाळीला आधीच अडकवलेला, लाल प्रोब गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीवर. मीटरने 112 व्होल्ट दाखवले. मग परत सगळं बंद.

हा आकडा बोलका आहे. तिथला पुरवठा आपल्यासारखाच 230 व्होल्टचा. गिटारच्या अॅम्पच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या, आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे फिल्टर कपॅसिटर असतात. बॉडीला अर्थ, म्हणजे जमिनीशी जोडणी, मिळाली नाही की ती या दोघांच्या मधोमध तरंगते आणि निम्मं व्होल्टेज दाखवते. गिटारच्या तारा केबलच्या आतल्या धातूच्या जाळीतून त्याच बॉडीला जोडलेल्या, आणि माइकची जाळी मिक्सरमार्फत, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज जुळवणाऱ्या यंत्रामार्फत, अर्थला. मधे माणूस आला की तोच वायर होतो. कपॅसिटरमधून येणारा करंट एक मिलिअँपच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणून नुसता मुंग्या आल्यासारखा चटका बसतो. बोर्डावर 30 मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, होती, पण इतक्याशा गळतीला ती पडत नाही. आणि उद्या त्याच अॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर बॉडीवर थेट 230 येतील, तेव्हा फ्यूजही उडणार नाही, कारण उडवायला लागणारा करंट जायला वाटच नाही.

प्लग भिंतीतून काढून तिने जोडणी तपासायला मीटर ओहमवर घेतला. एक टोक प्लगच्या लांब पिनला, दुसरं अॅम्पच्या मागच्या स्क्रूला. एक ओहमच्या आत यायला हवं होतं. मीटरवर 'ओएल', म्हणजे जोडणीच नाही. तिथले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे, मधोमध एक स्क्रू. तो तिने काढला. ब्राउन वायर जागेवर, निळी जागेवर. हिरवी-पिवळी मात्र मागे दुमडून, काळ्या टेपचे तीन वेढे देऊन, नीट बसवून ठेवलेली. सुटलेली नव्हती, तुटलेली नव्हती. कुणीतरी शांतपणे, वेळ काढून काढली होती. टेपचा डिंक वितळून वायरला चिकटला होता, म्हणजे हे बरेच महिने असंच चाललं होतं.

तिने वायर सोलून पिनच्या स्क्रूखाली घेतली, ओढून बघितली, परत मोजलं: 0.3 ओहम. वीज आली, अॅम्पमागून मिक्सरकडे जाणारी केबल तोवर लावायची राहिली होती ती जोडली, अॅम्प सुरू झाला आणि स्पीकरांतून जाड 'घूंऽऽ' निघाला. अख्ख्या अंगणात हम.

मला विचाराल तर दिवसातली सगळ्यांत शिकण्यासारखी वेळ ही. अर्थ काढणारा मूर्ख नव्हता. त्याला हम घालवायचा होता आणि तो गेलाही होता. फक्त त्याने चुकीची वायर काढली. आता म्हातारे वादक म्हणू लागले, बघा, आधी बरं होतं. साडेसहाला दहा मिनिटं कमी.

हम का आला? अॅम्प स्टेजमागच्या खोलीच्या सॉकेटवर होता आणि मिक्सर अंगणापलीकडच्या कचेरीच्या सॉकेटवर, मधे तीसेक मीटर. दोघांचे अर्थ वेगवेगळ्या वाटांनी जमिनीत जाणारे आणि अॅम्पच्या मागून मिक्सरकडे गेलेल्या केबलची जाळी त्या दोन वाटांना जोडणारी. असा फेरा पूर्ण झाला की त्यातून 50 हर्ट्झचा करंट फिरतो आणि आवाजात उतरतो. फेरा तोडायचा तो आवाजाच्या केबलमध्ये. विजेच्या प्लगला त्यासाठी कधीही हात लावायचा नाही.

तिने दोन गोष्टी केल्या. मिक्सरच्याच बोर्डावरून लांब एक्स्टेन्शन ओढून अॅम्प त्यावर घेतला. हम निम्म्याहून कमी झाला. मग अॅम्पच्या मागचा आउट सोडून दिला, गिटार ट्रान्सफॉर्मरवाल्या डीआय बॉक्समध्ये, म्हणजे वाद्याचा आवाज मिक्सरला देणाऱ्या छोट्या डब्यात, घातली, बॉक्सच्या 'थ्रू'मधून अॅम्पला आणि एक्सएलआरमधून, म्हणजे माइकच्या केबलच्या सॉकेटमधून, मिक्सरला. बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे मिक्सरकडची जाळी तोडणारं, बटण दाबलं. अंगण शांत. या जोडणीत गिटारच्या तारांना अर्थ फक्त अॅम्पच्या प्लगमधून मिळतो, तेव्हा ती हिरवी-पिवळी वायर आधीपेक्षाही जास्त मोलाची होते. म्हणून तिने परत मोजलं: ब्रिज ते जाळी, अर्ध्या व्होल्टच्याही आत. सहा अडतीस. कानून वाजवणाऱ्या आजोबांची लाइन तेवढी राहिली होती. कानून मांडीवर घेऊन वाजवतात. पंचाहत्तरच्या आसपास तारा, आपल्या स्वरमंडळाच्या कुळातलं, पण ब्रिज कातड्यावर टेकलेला. त्यामुळे मॉनिटरचा, म्हणजे वादकांकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज त्या कातड्याला भिडला की लगेच फीडबॅकची शिट्टी. छोटा कंडेन्सर माइक ब्रिजच्या वर वीतभर, 120 हर्ट्झच्या खालचं कापून, आणि मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीशी. ते झालं आणि अजान सुरू झाली.

आता ती "झिमा" म्हणू शकली, त्यामागे काय होतं ते सांगतो, कारण आफ्रिकेत संगीतक्षेत्रातल्या रोजगारासाठी जे प्रशिक्षण कार्यक्रम चालतात, त्यांत हेच बहुतेकदा राहून जातं.

ताराबमध्ये बायका कायम पुढे राहिल्या आहेत. सिती बिंती साद ही ताराब गायिका 1928 साली समुद्र ओलांडून मुंबईला आली आणि तिच्या स्वाहिली गाण्यांच्या तबकड्या तिथे निघाल्या. बी किडुडे 2013 साली वारली तोवर अख्खं बेट तिच्या आवाजाला ओळखत होतं. वाद्यांचंही आता शिक्षण मिळतं. धाऊ कंट्रीज म्युझिक अकादमीतून मुली कानून, व्हायोलिन शिकून निघतात. मिक्सरमागे मात्र पुरुष. आणि रोजंदारी मिक्सरमागेच जास्त नियमित मिळते, कारण गायक बदलतात, साउंडवाला तोच राहतो.

नेहमीचा कार्यक्रम असा असतो: हॉटेलच्या सभागृहात पाच दिवस, तीस जण, एक मिक्सर, शेवटी सर्टिफिकेट आणि पोशो, म्हणजे दिवसाचा भत्ता. हिशोब करून बघा. दिवसाचे सहा तास धरले तर तीस तास. निम्मे बोलण्यात गेले तर माणशी अर्धा तास हात फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवरच्या दांडीवर. अर्ध्या तासात कुणालाही हम आणि फीडबॅक यांतला फरकसुद्धा कानाने कळत नाही. पैसे देणारे किती जणांना शिकवलं एवढंच विचारतात, म्हणून तीस. आम्ही नऊच मुली घेतल्या, मिक्सर तीन, सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास. माणशी तीस तास हात. त्यानंतर वीस रात्री खऱ्या कार्यक्रमांत, पगारी. पहिल्या दहा रात्रींचे पैसे प्रकल्पाचे, पुढच्या दहांचे निम्मे सामान भाड्याने देणाऱ्या मालकाचे. मालकाच्या खिशातून पैसे जायला लागले त्या रात्रीपासून तो मुलींना केबल गुंडाळायच्या कामावरून उठवून मिक्सरवर बसवायला लागला. हा बदल आमच्या कुठल्याही व्याख्यानाने झाला नव्हता.

सगळं जमलं असं नाही. कार्यक्रमांच्या पहिल्या महिन्यात दोघी सुटल्या, आणि कारण साउंड नव्हतंच. कार्यक्रम साडेअकराला संपतो, तोवर डालाडाला, म्हणजे तिथल्या वडाप गाड्या, जवळजवळ थांबलेल्या. आम्ही बोडाबोडाचे, म्हणजे मोटरसायकलचे पैसे दिले. अनोळखी पुरुषामागे मध्यरात्री मुलीने बसायचं हे घरी पटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग एक व्हॅन ठरवली, दारापर्यंत सोडणारी, चालकाचा नंबर प्रत्येक घरी दिलेला. त्यानंतर एकही सुटली नाही. समावेशकतेवर बैठका होतात; त्या खर्चात अशी व्हॅन वर्षभर चालेल.

हेडफोनचं असंच. डोक्यावरच्या रुमालावरून मोठे हेडफोन घातले की कड नीट बसत नाही, खालचे सूर गळून जातात, आणि मुलगी चॅनेलला नको तितका बेस चढवते. पहिल्या आठवड्यात सगळ्या एकसारखी चूक का करतात, हे कळायला आम्हाला वेळ लागला. कानात बसणारे इअरफोन रुमालाखालून दिले, चूक गेली.

आणखी एक. साउती झा बुसारा हा फेब्रुवारीतला महोत्सव 2004 पासून जुन्या किल्ल्यात भरतो, पण 2016 साली निधीअभावी तो झाला नाही. बेटावरच्या साउंडवाल्याने एकाच महोत्सवाच्या भरवशावर राहू नये, हे तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही लग्नाचं सामानही तितकंच शिकवलं: दोन स्पीकर, आठ चॅनेल, चार माइक. लग्नातल्या ताराबमध्ये बायका नाचत पुढे येऊन गायिकेला नोटा देतात, त्याला कुटुंझा म्हणतात. त्या वाटेवर एकही केबल नको, आणि माइकचा स्टँड तीन पायांचा नको, गोल बैठकीचा हवा. नाहीतर नोट देणारी पडते.

त्या रात्री सामान आवरताना मालकाने तो जुना काळा टेप हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग तिला म्हणाला, शनिवारी गोदामात ये, बाकीचे सगळे प्लग उघडून बघ. तिने विचारलं, दिवसाचे किती? त्याने मदतनिसाचा आकडा सांगितला. ती म्हणाली, हे फुंडीचं काम आहे. फुंडी म्हणजे कारागीर, जाणता. त्याने आकडा वाढवला. गाडीभाडं वेगळं, ती म्हणाली. तेही ठरलं, आणि हजेरीच्या कागदावर तिच्या नावापुढचं 'शिकाऊ' खोडून त्याने 'फुंडी' लिहिलं.

शनिवारी तिने चौदा प्लग उघडले. तीन प्लगांत अर्थची वायर नव्हती. चौथ्यात फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती.