परत मेलास?

अवघड व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचा एक पंथ असतो आणि तो मला फारसा मानवत नाही. अमुक राक्षस मारला हे ही मंडळी गड सर केल्याच्या थाटात सांगतात, आणि आपल्याला जमला नाही म्हटलं की असे कनवाळूपणे बघतात की राक्षस परवडला. त्यामुळे भाच्याने ‘डीमन्स सोल्स’ समोर ठेवला तेव्हा मी आधी नाकच मुरडलं.

मूळ खेळ 2009 सालचा, सोनीच्या प्लेस्टेशन 3 वरचा. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीने केलेला, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. आमच्याकडे आहे ती त्याची 2020 मध्ये प्लेस्टेशन 5 वर आलेली नवी आवृत्ती. सोनीतल्या बड्या साहेबांनी, शुहेई योशिदांनी, मूळ खेळ तयार होत असताना खेळून बघितला आणि अगदीच टाकाऊ आहे असं मत दिलं. सोनीने तो अमेरिका-युरोपात काढलाच नाही. अमेरिकेत दुसऱ्याच कंपनीने आणला आणि तिथे लोकांनी तो डोक्यावर घेतला. योशिदांनी हे पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितलं, हा त्यांचा मोठेपणा. पण पहिल्या दोन तासांत त्यांना जे वाटलं तेच मलाही वाटलं, हे नोंदवून ठेवतो.

सुरुवातच बघा. धुक्याने गिळलेलं बोलेटारिया नावाचं राज्य, त्यात तुम्ही हातात तलवार घेऊन निघता, आणि बटणं कुठली कशाची हे शिकवणारा भाग संपता संपता एक ढेरपोट्या राक्षस येऊन तुम्हाला चिरडतो. मरायचंच असतं. एखाद्या कसबी माणसाने त्याला मारलंच, तर पुढे एक अवाढव्य ड्रॅगन वाट बघत बसलेला असतो, तो एका बुक्कीत हिशेब पुरा करतो. इतका प्रामाणिक उद्धटपणा मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेला नाही.

मग खरी गंमत सुरू होते. शत्रू मारून मिळवलेले आत्मे हेच इथलं चलन. शस्त्र सुधारायचं, अंगातली ताकद वाढवायची, सगळं त्यांच्यावर. मेलात की जमवलेलं सगळं तिथेच, रक्ताच्या डागाशी पडून राहतं. तुम्ही पुन्हा भागाच्या तोंडाशी, मारलेले सगळे शत्रू जिथल्या तिथे परत उभे. डागापर्यंत पोचलात तर पुंजी मिळाली. वाटेत पुन्हा मेलात तर जुनं कायमचं गेलं. खेळ मध्ये थांबवायचं बटण नाही. दारावर बेल वाजली तरी राक्षस थांबत नाही. माजघरातून जाता-येता आई विचारायची, “परत मेलास?” हो म्हटलं की म्हणायची, “मग आता जेवून घे.”

माझं म्हणणं असं की या खेळातली खरी भीती राक्षसाची नाही, मागे वळून आपलंच सांडलेलं आणायला जाण्याची आहे. जाताना माणूस बेफिकीर असतो, हरवण्यासारखं काही नसतं. परत त्याच वाटेने जाताना प्रत्येक जिना, प्रत्येक कोपरा ओळखीचा झालेला असतो आणि म्हणूनच पोटात गोळा येतो. मग बोलेटारियाच्या तटावरून फिरताना कधीतरी आतून एखादा दरवाजा उघडतो आणि कळतं, अरे, हा तर सुरुवातीच्या फाटकाशीच निघतो! त्या जवळच्या वाटेचा आनंद मला राक्षस मारल्याच्या आनंदापेक्षा मोठा वाटतो. भाच्याला हे पटत नाही. “मामा, तू खेळतोयस की वॉकिंगला आलायस?” असं तो विचारतो.

आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर मी खरा भाळलो: जमिनीवरचे निरोप. जगभरात कुठेतरी हाच खेळ खेळणारा एखादा माणूस ठरावीक शब्द जुळवून जमिनीवर लिहून जातो, पुढे दबा धरून कुणीतरी आहे, इथे खाली बघ. आपल्याकडे पावसात उघड्या गटारात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवतो ना, अगदी तसं. कोण खोचून गेला कुणालाच माहीत नसतं, पण मागून येणारा स्कूटरवाला वाचतो. तुम्हाला निरोप उपयोगी वाटला आणि तुम्ही पसंती दिलीत, तर लिहिणाऱ्याच्या अंगात त्या क्षणी जीव भरतो. म्हणजे ओसाकात कुणी मरायला टेकलेला असताना वडोदऱ्यातल्या माझ्या एका बटणामुळे तरतोसुद्धा. अर्थात ‘इथून उडी मार, खजिना आहे’ असं लिहून माणसं दरीत घालणारेही आहेतच. तेवढे नग सगळ्याच गावांत असतात.

ही कल्पना सुचली कशी, ते मियाझाकींनी एका मुलाखतीत सांगितलंय. बर्फ पडलेल्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागची गाडी पुढचीला ढकलत, अशी सगळी रांग चढ ओलांडून गेली. त्यांचीही गाडी गेली. पण उतरून आभार मानायला थांबलं तर पुन्हा सगळे अडकणार, म्हणून थांबता आलं नाही. रांगेतला शेवटचा माणूस घरी नीट पोचला का, हा विचार त्यांच्या डोक्यात राहिला.

त्याच 2009 साली, जुलैत, जपानी टीव्हीवर ‘टोकियो मॅग्निट्यूड 8.0’ ही अकरा भागांची ॲनिमे मालिका सुरू झाली. भाच्यानेच दाखवली आणि पहिल्याच भागाला कंटाळून उठला. मी मात्र आईसकट बसून राहिलो. आपल्या सातवीच्या वयाची मिराई, घरच्यांवर आणि जगावर एकूणच वैतागलेली, धाकट्या युकीला घेऊन ओदाइबा बेटावर रोबोंचं प्रदर्शन बघायला जाते. हे जग मोडून पडावं, असं काहीतरी ती चिडून फोनवर टाइप करते, आणि जग खरोखरच हलायला लागतं. पुढे सगळी गोष्ट म्हणजे सेतागायातल्या घरापर्यंतची पायपीट. सोबतीला मारी नावाची, मोटरसायकलवरून पार्सलं पोचवणारी बाई. तिचीही लहान मुलगी आणि आई घरी अडकलेल्या.

पूल पडतो, टोकियो टॉवर कोसळतो, ते सगळं आहेच. पण मालिका रमते ती भलत्याच गोष्टींत: संडासची रांग, न लागणारा फोन, पाणी कुठे मिळतंय याच्या चौकशा. संकटाच्या गोष्टीत संडासला एवढा मान देणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

भूकंप आम्हाला अगदीच परका नाही. 26 जानेवारी 2001, सकाळी 8:46. कच्छ इथून तीनशेहून जास्त किलोमीटरवर, तरीही आमच्या माजघरातला झोपाळा रिकामाच हलायला लागला. धक्का म्हणून मला आठवतो तो त्याच्या पितळी कड्यांचा आवाज. आधी बारीक किणकिण, मग तुळईला आपटायला लागल्या. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “अरे, झोपाळ्यावर कोण आहे?” कुणीच नव्हतं. मग शेजारच्या बेनचा आवाज आला, “भागो, भागो!” आणि आम्ही सगळे अनवाणी रस्त्यावर. आमच्या लाकडी वाड्याच्या भिंतीला एक चीर गेली, तेवढंच. भूज आणि अहमदाबादच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा कुठे काय झालंय ते कळलं.

म्हणून मालिकेचा पहिला अर्धा भाग मला खरा वाटला. उत्तरार्धात मात्र ती रडवायच्या मागे लागते. काय होतं ते सांगत नाही, ज्यांना बघायची आहे त्यांचा विरस नको. पण चार भाग आधीच माझ्या लक्षात आलं होतं आणि पुढे मी वाट बघत बसलो, की आता सांगा एकदाचं. आईला हे मत मान्य नाही. ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “तुला कळलं होतं, त्या पोरीला कुठे कळलं होतं?” याला माझ्याकडे उत्तर नाही, तरी तक्रार कायम आहे. ‘डीमन्स सोल्स’मध्ये राज्यच्या राज्य मेलंय, पण कुणी तुमच्यापाशी येऊन गळा काढत नाही. तो कोरडेपणा मला जास्त लागला.

आईची तक्रार वेगळीच होती. पहिल्या भागापासून तिचं एकच चाललेलं: “ही पोरं चालतायत कशाला? एका जागी बसून राहायचं ना!” गंमत म्हणजे टोकियोच्या सरकारचं मतही हेच झालं. मालिका येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच 11 मार्च 2011 चा भूकंप झाला, गाड्या बंद पडल्या आणि टोकियो नि आसपासच्या भागात 50 लाखांहून जास्त माणसं घरापासून लांब अडकली. त्यानंतर तिथे नियमच आला, 2013 च्या एप्रिलपासून लागू: असं काही झालं की घरी जायची घाई करू नका, कामाच्या जागीच थांबा, आणि कंपन्यांनी तीन दिवस पुरेल एवढं पाणी आणि खाणं साठवून ठेवावं. मी हे आईला वाचून दाखवलं. तिने ‘मी काय सांगत होते’ अशी मान हलवली.

तेव्हा मी 31 जुलै 2019 चा विषय काढला. वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस, आजवा तलावाची पातळी चढतेय, विश्वामित्री नदी फुगतेय, मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ फिरतायत. मी अलकापुरीत ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, कोरडा, चहाबिस्किटांसह सुखरूप. आणि फोनवर ही माउली: “निघालास का? काळ्या घोड्याचा पूल बंद होईल, आधी नीघ!” गरनाळं, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, तुडुंब होतं म्हणून स्टेशनातून पलीकडे गेलो, सयाजीगंजात गुडघाभर पाणी, पुलावर पोलीस पायी जाणाऱ्यांना अजून सोडत होते. कोठीपाशी एका अनोळखी काकांनी दंडाला धरून बाजूला ओढलं, “भाई, अहियां खाडो छे,” आणि मी वळून बघेपर्यंत ते पुढच्या माणसाला ओढत होते. अंधार पडल्यावर चिखलाने माखून घरी पोचलो.

“मग मला का नाही सांगितलंस एका जागी बसून राहा म्हणून?” मी विचारलं.

“ते वेगळं,” आई म्हणाली. “लाव पुढचा भाग.”