पांढरी एक वाजेना: मॅक्समधला माझा अनुभव

एकांकिकेच्या पार्श्वसंगीतासाठी मिडी कीबोर्डवरून (दाबलेल्या पट्टीचे आकडे संगणकाला पाठवणारा कीबोर्ड) हार्मोनियमचा प्लगिन, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे वाद्य, वाजवायचा, आणि तोही मॅक्स या खोकी तारांनी जोडून प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे पुढे त्याच स्वरांवर दिवेही बदलता येतील, असा माझा साधा बेत होता. ‘व्हीएसटी~’ या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे मॅक्समधल्या प्लगिन चालवणाऱ्या खोक्यात, प्लगिन लगेच उघडला. कीबोर्डवरचा एकही स्वर मात्र त्याच्यापर्यंत जाईना.

दोष केबलचाच असणार असे ठरवून मी भर दुपारी गिरगावातून लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराने जुनी केबल न तपासता नवी हातात ठेवली आणि मीही ती मुकाट्याने घेतली, याचा राग अजून गेलेला नाही. कीबोर्डवरचे स्वर आत घेणाऱ्या ‘नोटइन’ या ऑब्जेक्टखाली आकडे दाखवणारे दोन नंबर बॉक्स जोडले असते, तर पट्टी दाबताच आकडे हलताना दिसले असते आणि केबल धडधाकट असल्याचे घरीच समजले असते.

रात्री दीड वाजता थेट ‘व्हीएसटी~’ला जोडलेल्या मेसेज बॉक्समध्ये (क्लिक केल्यावर लिहिलेला संदेश पाठवणारे खोके) ‘मिडीइव्हेंट 144 60 100’ लिहून क्लिक केले, तेव्हा पांढरी एक खणखणीत वाजली आणि थांबेचना. 144 म्हणजे पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू, 60 हा स्वर आणि 100 हा पट्टीवरचा जोर. तोच संदेश शून्य जोराने पाठवल्याशिवाय स्वर सुटत नाही, हे शेजाऱ्यांनी भिंत ठोकल्यावर आठवले.

म्हणजे प्लगिनही निर्दोष होता आणि घोटाळा ‘नोटइन’ आणि ‘व्हीएसटी~’ यांच्या मधल्या, आकड्यांची यादी बनवणाऱ्या ‘पॅक 144 0 0’चा होता. पॅकच्या सर्वांत डाव्या इनलेटमध्ये, म्हणजे आत येण्याच्या छिद्रात, काही आले तरच यादी बाहेर पडते. बाकीच्या इनलेटमध्ये आलेले आकडे तो नुसते साठवतो. 144 तर आधीच लिहिलेला आहे, मग तिथे काय जोडायचे, या समजुतीने मी नेमका डावा इनलेट रिकामा ठेवला होता. शेवटी ‘पॅक 0 0’ घेऊन डावीकडे स्वर व उजवीकडे जोर जोडला आणि खालच्या मेसेज बॉक्समध्ये ‘मिडीइव्हेंट 144 $1 $2’ लिहिले; $1 आणि $2 यांच्या जागी यादीतले आकडे बसतात. ‘नोटइन’मधून आकडे उजवीकडून डावीकडे निघतात, त्यामुळे जोर आधी पोहोचून थांबतो आणि मागून आलेला स्वर त्याला घेऊन पुढे जातो. पट्टी सोडल्यावरचा शून्यही याच वाटेने जातो. म्हणून मध्ये ‘स्ट्रिपनोट’ लावू नये, कारण तो नेमके हेच शून्य गाळतो.

हे सारे करण्याआधी मॅक्सचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा ‘ईझीडॅक~’ चालू आहे ना, हेही पाहावे. माझी पहिली वीस मिनिटे त्यातच गेली होती, हे सांगायचे राहिले.